पहिली एअर रायफल घेताना: बजेट कमी असेल तर पैसे कुठे घालायचे

एअर रायफल शूटिंग सुरू करायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रायफलीची होते. वॉल्थर की फाइनवर्कबाऊ, नवी की जुनी, किती लाख, कर्ज काढायचं का. ही चर्चा चार-सहा महिने पुढे ढकला, असं मी प्रत्येक पालकाला सांगतो. बजेट कमी असेल तर रायफल ही यादीतली शेवटची खरेदी असली पाहिजे. त्याआधी सराव, छर्रे आणि जॅकेट. आणि रायफल घ्याल तेव्हा ब्रँड नंतर बघा, ती अंगाला बसते का ते आधी बघा.

हा लेख १० मीटर एअर रायफलबद्दल आहे. ०.२२ ची रायफल म्हणजे शस्त्र परवाना, पोलीस पडताळणी, काडतुसांचा हिशेब आणि ५० मीटरची रेंज. तो रस्ता पुढचा. आपल्याकडे अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, रुद्रांक्ष पाटील ही सगळी मंडळी याच १० मीटरवर घडली. पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवणारा राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळेसुद्धा एअर रायफलीवरूनच पुढे गेला.

खेळ आणि कायदा, थोडक्यात

एअर रायफलीचा छर्रा ४.५ मिमीचा, म्हणजे ०.१७७ इंचाचा. टार्गेटवरच्या दहाच्या ठिपक्याचा व्यास फक्त ०.५ मिमी. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात आणि गुण दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. रायफलीचं वजन साइटसकट, म्हणजे नेम धरायच्या साधनासकट, ५.५ किलोच्या आत लागतं. दुर्बीण चालत नाही. मागे पीप साइट, म्हणजे डोळ्यापुढचं बारीक भोक, आणि पुढे गोल रिंग असते.

भारतात ४.५ मिमीपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलीला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेच्या रायफली साधारण साडेसात ज्यूलच्या असतात, त्यामुळे त्या आरामात या मर्यादेत बसतात. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेऊन विक्रीची नोंद करतो. ती करायला लावा आणि बिल जपून ठेवा. मुलासाठी घेत असाल तर बिल पालकांच्या नावाने करा. ‘जास्त पॉवरची’ म्हणून कुणी मोठ्या बोअरची रायफल सुचवली तर सरळ नाही म्हणा. कायद्याने ती वेगळ्या वर्गात जाते आणि १० मीटरच्या खेळात तिचा काही उपयोग नाही.

आधी क्लबची रायफल

पुण्यात बालेवाडी, मुंबईत वरळी, कोल्हापुरात दुधाळी, पनवेलला सुमा शिरूर यांची अकादमी अशी मोठी नावं सगळ्यांना माहीत असतात. पण आता बऱ्याच जिल्ह्यांच्या ठिकाणी एखादा १० मीटर क्लब असतोच. बहुतेक ठिकाणी शिकाऊंसाठी क्लबच्या रायफली असतात. फीमध्ये रायफल आणि हवा धरलेली असते, छर्रे बहुधा आपले. प्रवेश घेण्याआधी एक संध्याकाळ मागे खुर्ची टाकून बसा. कोच नव्या मुलांजवळ उभा राहतो का, रायफल खाली ठेवताना प्रत्येक जण नळीत केशरी सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) घालतो का, आणि कुणी टार्गेटकडे गेलं असताना बाकीच्यांचे हात रायफलीपासून दूर असतात का, एवढं बघा. हे नसेल तर फी कितीही कमी असली तरी तिथे जाऊ नका.

पहिल्याच आठवड्यात डोळा तपासून घ्या. दोन्ही हात पुढे लांब करून तळव्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, त्यातून दूरची एखादी वस्तू दोन्ही डोळ्यांनी बघा आणि मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना वस्तू जागेवर राहते तो तुमचा प्रबळ डोळा. उजवा हात आणि डावा डोळा असं निघालं तर रायफल घेण्याआधीच कोचशी बोला. काही जण डाव्या खांद्याने शिकतात, काही जण उजव्या खांद्यानेच शिकून डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावतात. पट्टी ३० मिमीपेक्षा रुंद चालत नाही. ती पूर्ण काळी नसावी, दुधी रंगाची असावी, म्हणजे झाकलेल्या डोळ्यावर अंधार येत नाही. हे ठरायच्या आत उजव्या हाताचा स्टॉक (रायफलीचा दस्ता) घेऊन बसलात तर नंतर तो विकायला त्रास होतो.

क्लबच्या रायफलीवर चार ते सहा महिने काढा. या काळात मुलाची उंची, हाताची लांबी, पोझिशन आणि मुख्य म्हणजे आवड, सगळं समजतं. आठवड्यातून चार दिवस उभं राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायची, हे सगळ्यांना झेपत नाही. झेपलं नाही तर त्यात काही वाईट नाही, आणि तोवर तुमचे दीड-दोन लाख खिशातच असतात.

बजेट मांडताना छर्रे आधी

कागद घ्या आणि वर्षाचा हिशेब लिहा. आठवड्यातून पाच दिवस रोज ६० शॉट धरले तर आठवड्याला ३०० होतात. वर्षाचे ५० आठवडे धरा, १५,००० छर्रे. डब्यात ५०० असतात, म्हणजे ३० डबे. साधा सरावाचा डबा हजाराच्या आसपास धरला तरी वर्षाला तीस हजार झाले, आणि हा खर्च दर वर्षी आहे. रायफलीवर सगळे पैसे घालवून महिन्याला एकच डबा परवडणारा मुलगा मागे पडतो. साधी रायफल आणि भरपूर छर्रे असलेला पुढे जातो. रेंजवर हे सतत बघायला मिळतं.

म्हणून हातात जी रक्कम असेल तिच्यातून वर्षभराचे छर्रे, रेंजची फी आणि दोन-तीन स्पर्धांचा प्रवास आधी बाजूला काढा. मग जॅकेट, पँट, ग्लोव्ह आणि बूट. उरलेल्यात रायफल. उरलेलं पुरत नसेल तर क्लबची रायफल अजून सहा महिने वापरा, कारण क्लबच्या चांगल्या रायफलीवर जिल्हा आणि राज्य पातळीपर्यंत जाता येतं.

रायफलींचे तीन रस्ते

पहिला रस्ता देशी स्प्रिंगच्या रायफलीचा. आपल्याकडे ही परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली इंडियन ह्यूम पाइप कंपनी काँक्रीटच्या पाइपांबरोबर एअर रायफलीही बनवत असे, आणि जुन्या एनसीसीवाल्यांकडे आजही ‘आयएचपी’ सापडते. हल्ली ठाणे परिसरातल्या प्रिसिहोलसारख्या कंपन्या चांगलं काम करतात. स्प्रिंगच्या रायफलीला धक्का दोन्ही दिशांना बसतो, आधी मागे आणि मग पिस्टन आपटला की पुढे, आणि हे सगळं छर्रा नळीत असतानाच घडतं. त्यामुळे धरण्यातली छोटी चूक टार्गेटवर मोठी दिसते. शालेय स्पर्धांच्या ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम धरायच्या) गटासाठी आणि सुरुवातीच्या शिस्तीसाठी ही रायफल ठीक आहे. दहा-बारा हजारांच्या आसपास काम होतं. पण पीप साइटच्या गटात टिकायचं असेल तर ती फार दिवस पुरणार नाही, आणि तिच्यावर महागडी साइट चढवण्यात पैसे घालवू नका.

दुसरा रस्ता माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा: वापरलेली मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेली, बहुधा सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेवर चालणारी. वॉल्थर एलजी ३००, अन्शुट्झ ८००२, फाइनवर्कबाऊ पी ७०, स्टायर एलजी ११० या मॉडेलांवर एका पिढीने आंतरराष्ट्रीय पदकं घेतली आहेत. त्यांच्या नळ्या आजही नव्या नेमबाजापेक्षा कितीतरी अचूक आहेत. कुणी नवी रायफल घेतो, कुणी बारावीला जातो, कुणी खेळ सोडतो, आणि मग अशी रायफल बाजारात येते. याच रस्त्यावर एक आडवाट आहे. फाइनवर्कबाऊची ६०० मालिका किंवा अन्शुट्झ २००२ चं जुनं रूप अशा रायफलींना सिलिंडरच नसतो. बाजूचा दांडा एकदा ओढून हवा दाबायची आणि एक शॉट मारायचा. यात हवा भरायची कटकट नाही, सिलिंडरची मुदत नाही, आणि किंमतही उतरलेली असते. अडचण इतकीच की दर शॉटला तो दांडा ओढणं बारा-तेरा वर्षांच्या मुलाला जड जातं आणि दर वेळी पोझिशन मोडते. मोठ्या माणसाला हौसेने आणि मन लावून खेळायचं असेल तर मात्र या रायफलीसारखी स्वस्त सोबत नाही.

तिसरा रस्ता नव्या मॅच रायफलीचा. वॉल्थर एलजी ४००, फाइनवर्कबाऊ ८००, अन्शुट्झ ९०१५ ही नावं तुम्ही ऐकलेली असतील. युरोचा दर, आयात कर आणि स्टॉक कुठला यावर किंमत ठरते आणि आकडा काही लाखांत जातो. प्रत्येक कंपनी एक साधं मॉडेलही बनवते, लाकडी किंवा साध्या स्टॉकचं. नळी आणि ट्रिगर बऱ्याचदा जवळपास त्याच दर्जाचे, फक्त बसवण्याच्या सोयी कमी. नवीच घ्यायची तर हे मॉडेल बघा. अ‍ॅल्युमिनियमचा चमकणारा स्टॉक पाहून पहिल्या रायफलीसाठी लाखभर जास्त देऊ नका.

उंची वाढणाऱ्या मुलांसाठी आखूड, हलकी युवा मॉडेलं येतात. साडेपाच किलोची मर्यादा आहे म्हणून साडेपाच किलो उचललंच पाहिजे असं नाही. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात जड रायफल दिली की तिची कंबर मागे झुकते आणि पाठीचं दुखणं मागे लागतं. रायफल आधी हलकी घ्या, वजन नंतर वाढवता येतं.

जुनी रायफल बघायला जाताना

एकटे जाऊ नका. कोच किंवा रेंजवरचा अनुभवी नेमबाज बरोबर न्या, आणि सौदा शक्यतो रेंजवरच करा म्हणजे मारून बघता येईल.

सगळ्यात आधी सिलिंडर हातात घ्या आणि त्यावर कोरलेली तारीख वाचा. मॅच रायफलींच्या सिलिंडरची मुदत उत्पादनापासून १० वर्षांची असते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबाची वस्तू गालापासून वीतभर अंतरावर धरायची असल्यामुळे सरावातही तो वापरायचा नाही. विकणारा म्हणेल, ‘अजून एकदम मस्त चालतो.’ चालत असेलही, पण आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही. नवा सिलिंडर महाग असतो आणि जुन्या मॉडेलांचा मिळायलाही वेळ लागतो. तारीख संपलेली असेल किंवा वर्षभरात संपणार असेल तर नव्या सिलिंडरची किंमत विचारून तेवढी रक्कम सौद्यातून कमी करा. बरोबर दोन सिलिंडर असतील तर दोघांच्याही तारखा बघा. एक नवा दाखवून दुसरा तसाच पिशवीत टाकून देतात.

मग सिलिंडर भरून रायफलीला लावा, दाबाचा काटा कुठे आहे त्याचा मोबाइलवर फोटो काढा, आणि रायफल रात्रभर तशीच ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर सील गळतंय. सील बदलणं फार अवघड नाही, पण तुमच्या शहरात ते करणारा माणूस आणि सुटे भाग आहेत का ते आधी विचारा.

नळीचं पुढचं तोंड टॉर्च लावून बघा. तिथे ओरखडा किंवा ठोकर असेल तर छर्रा बाहेर पडताना एका बाजूने हवा सुटते आणि तो भरकटतो. पीप साइट दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. प्रत्येक क्लिक स्पष्ट लागली पाहिजे. दहा क्लिक उजवीकडे जाऊन दहा परत आल्यावर शॉट आधीच्याच जागी पडला पाहिजे. जुन्या साइटमध्ये ढिलेपणा येतो, आणि नवा नेमबाज महिनोन्‌महिने स्वतःलाच दोष देत बसतो.

शेवटी ग्रुप. रायफल टेबलावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवा आणि चांगल्या मॅच छर्‍यांनी पाच शॉट एकाच टार्गेटवर मारा. असे तीन-चार ग्रुप घ्या. छर्रा स्वतःच साडेचार मिमीचा असतो, त्यामुळे चांगल्या रायफलीचे पाचही शॉट एकाच, जरासं मोठं झालेल्या भोकात दिसतात. नव्या मॅच रायफलीबरोबर कारखान्यातून असंच पाच शॉटचं कार्ड येतं. विकणाऱ्याकडे ते असेल तर शेजारी ठेवून बघा.

कागदपत्रांत मूळ बिल, आयातीचे कागद आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का ते पाहा. खेळाडू म्हणून कर-सवलतीत आणलेली रायफल असेल तर पुढे विकण्यावर काही अट होती का आणि ती पूर्ण झाली का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. साध्या कागदावर दोघांच्या सह्या, ओळखपत्रांच्या प्रती आणि क्रमांक, एवढं तरी असलंच पाहिजे.

अंगाला बसवणं: इथे एक पैसा लागत नाही

आता येतो तो भाग, ज्यावर लोक सर्वात कमी वेळ देतात. दोन लाखांची न बसणारी रायफल आणि सत्तर हजारांची नीट बसवलेली रायफल यांत दुसरीवर जास्त गुण पडतात. एक अख्खी दुपार मोकळी ठेवा. सोबत कोच, अ‍ॅलन चाव्यांचा संच, वही आणि पेन्सिल हवी. रायफल रिकामी आहे आणि सेफ्टी फ्लॅग काढताना नळी टार्गेटकडेच आहे, हे दर वेळी बघा. जॅकेट घालूनच बसवायचं, टी-शर्टवर बसवलेली लांबी जॅकेटवर चुकते.

सुरुवात लांबीने करा. कोपर काटकोनात वाकवून बट प्लेट (रायफलीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग) कोपराच्या खळग्यात टेकवा. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. हा फक्त पहिला अंदाज. मग पोझिशनमध्ये उभे राहा. पाय खांद्याएवढे फाकलेले, शरीर टार्गेटला आडवं, डावं कोपर बरगड्यांखाली कमरेच्या हाडावर टेकलेलं, आणि रायफलीचं वजन हाडांवरून सरळ पायात उतरतंय असं वाटलं पाहिजे. डावा हात स्नायूंनी रायफल वर धरून ठेवत असेल तर उंची चुकली आहे. मग मूठ करून बघा, तळहात उघडा ठेवून बघा, फोर-एंडखाली (स्टॉकच्या पुढच्या भागाखाली) लावायचा ब्लॉक असेल तर तो लावून बघा.

यानंतर बट प्लेट. नवे नेमबाज मान खाली घालून रायफलीकडे जातात. रायफल मानेकडे आली पाहिजे. बट प्लेट खाली सरकवली की रायफल वर येते आणि डोकं सरळ राहतं. डोकं सरळ का, तर तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते आणि डोकं एका बाजूला कललं की शरीर डोलायला लागतं. बट प्लेट पुरेशी खाली जात नसेल तर साइटखाली उंची वाढवणारे छोटे ब्लॉक मिळतात. या खेळात कमी पैशात सर्वात जास्त फरक पाडणारी वस्तू हीच आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या आणि मागच्या साइटखाली सारख्याच उंचीचे ब्लॉक लावा.

आता चीकपीस, म्हणजे स्टॉकवरचा गाल टेकवायचा भाग. डोळे मिटा, रायफल खांद्यावर घ्या, गाल सैल सोडून चीकपीसवर ठेवा, दोन श्वास घ्या आणि डोळे उघडा. मागच्या भोकाच्या मध्यभागी पुढची रिंग दिसली पाहिजे. ती वर दिसली तर डोळा खूप वर आहे, चीकपीस खाली घ्या. खाली दिसली तर उलट. बाजूला दिसली तर चीकपीस आत-बाहेर करा. गाल दाबून किंवा मान ताणून रिंग मध्यभागी आणावी लागते का, हे बघणाऱ्या माणसाने सांगायचं, कारण नेमबाजाला स्वतःला ते कळत नाही. हा प्रयोग सलग आठ-दहा वेळा करा आणि दर वेळी रिंग आपोआप मध्ये येईपर्यंत सोडू नका.

डोळा आणि पीप साइट यांत साधारण पाच ते आठ सेंटिमीटर अंतर ठेवा. पापणी रबराला लागत असेल तर साइट पुढे सरकवा. पुढची रिंग सुरुवातीला मोठी घ्या, काळ्या टार्गेटभोवती पांढरी कड स्पष्ट दिसेल एवढी. छोटी रिंग घेतली की जास्त अचूक नेम धरतोय असं वाटतं, पण नेमबाज ती मध्ये आणण्यात वेळ काढतो आणि शॉट उशिरा सोडतो.

ट्रिगर दोन टप्प्यांचा ठेवा. पहिला टप्पा आरामात मागे जावा, मग एक स्पष्ट भिंत लागावी, आणि त्यापुढे थोडा दाब वाढला की सुटावा. एअर रायफलीत ट्रिगरच्या वजनाला किमान मर्यादा नाही, म्हणून काही जण तो इतका हलका करतात की बोट लागताच सुटतो. नव्या माणसाने शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवावा. बोटाला भिंत जाणवली पाहिजे.

प्रत्येक बदलानंतरची खूण पेन्सिलने स्टॉकवर आणि वहीत करा. लांबी किती, चीकपीस किती, बट प्लेट कितव्या खाचेत, तारीख. मुलं वाढतात, दर तीन महिन्यांनी हीच दुपार पुन्हा घालवावी लागते, आणि स्पर्धेला जाताना प्रवासात काही हललं तर वहीतल्या आकड्यांवरून दहा मिनिटांत रायफल परत जागेवर येते.

जॅकेट, पँट, बूट

जॅकेट कमरेला आणि पाठीला आधार देतं. देशी बनावटीची जॅकेटं आता चांगली येतात आणि परदेशी जॅकेटच्या निम्म्याहून कमी भावात मिळतात. माप देऊन शिवून घ्या. दुसऱ्याचं जुनं जॅकेट स्वस्तात मिळालं तरी खांदे आणि कंबर जुळत नसेल तर घेऊ नका. कापडाची जाडी एकपदरी २.५ मिमीपेक्षा जास्त चालत नाही, कडकपणाही यंत्रावर मोजतात, आणि बटणं लावल्यावर पुढचा पदर किती एकमेकांवर चढतो यालाही मर्यादा आहे. नवं जॅकेट फार कडक असलं तर तपासणीत अडकू शकतं, म्हणून शिवणाऱ्याला ‘आयएसएसएफ (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) तपासणीत पास होईल असं’ असं स्पष्ट सांगा आणि राज्य स्पर्धेआधी एकदा क्लबमध्ये मोजून घ्या.

पैसे कमी पडले तर क्रम असा ठेवा: जॅकेट आणि ग्लोव्ह आधी, मग बूट, मग पँट. पहिलं वर्ष साध्या सपाट तळाच्या बुटांवर निघतं, स्पोर्ट्स शूजवर नाही, कारण त्यांचा मऊ तळ शरीर डोलवतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात घामाचं ओलं जॅकेट पिशवीत राहिलं की चार दिवसांत बुरशी धरते आणि कापड मऊ पडतं. घरी आल्यावर ते रुंद हँगरवर पंख्याखाली लटकवा, उन्हात नको.

छर्रे निवडताना

चपट्या डोक्याचेच छर्रे घ्या, कागदावर गोल स्वच्छ भोक तेच पाडतात. वजन साधारण अर्धा ग्रॅम. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी ही नावं सगळीकडे मिळतात. डब्यावर ४.४९, ४.५० असं डोक्याचं माप असतं, आणि प्रत्येक नळीला त्यातलं एखादं जास्त मानवतं. रेंजवरच्या तीन-चार जणांकडून वेगवेगळ्या मापांचे वीस-वीस छर्रे मागून घ्या, रायफल टेकवून प्रत्येकाचे दोन ग्रुप मारा आणि जो लहान येईल तो स्पर्धेसाठी ठरवा. रोजच्या सरावाला त्याच कंपनीचा स्वस्त प्रकार चालतो. एकाच बॅचचे दोन-तीन डबे स्पर्धेसाठी बाजूला ठेवले तर बरं.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरायची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडा. रेंजवर खाणं नाही, आणि सराव संपला की साबणाने हात धुवायचे. नळीत लोखंडी गज घालू नका. अधूनमधून फेल्टचे क्लीनिंग पेलेट मारले की पुरतं.

हवा

क्लबमध्ये कॉम्प्रेसर किंवा मोठा सिलिंडर असेल तर घरी काही घेऊ नका. घरी भरायचीच असेल तर हातपंप मिळतो, पण २०० बारपर्यंत नेताना दमायला होतं आणि कोकणात, मुंबईत दमट हवेतलं पाणी आत जातं. पंपाला ओलावा शोषणारा फिल्टर असलाच पाहिजे. हवा सावकाश भरा, सिलिंडर गरम लागला तर थांबा. भरायच्या अ‍ॅडॉप्टरला तेल किंवा ग्रीस लावू नका. आणि वेल्डिंगच्या दुकानातला ऑक्सिजन कुणी सुचवला तर त्या माणसाचं ऐकू नका. ऑक्सिजन आणि वंगण एकत्र आलं की स्फोट होतो. भरलेला सिलिंडर उन्हात उभ्या गाडीत ठेवायचा नाही. विमानाने जाताना तो रायफलीपासून काढून रिकामा करा आणि विमान कंपनीला आधी कळवा.

घरातला सराव

घरात छर्रे मारायची गरज नाही. गच्चीवर, पार्किंगमध्ये, चाळीच्या पॅसेजमध्ये तर अजिबात नाही. हॉलच्या भिंतीवर अंतराच्या प्रमाणात छोटं केलेलं टार्गेट चिकटवा आणि रायफल ड्राय फायरवर (छर्रा न घालता ट्रिगर दाबायच्या सोयीवर) टाकून वीस मिनिटं सराव करा. शॉट सुटल्यावरही दोन सेकंद तसंच राहायचं आणि रिंग कुठे हलली ते बघायचं. डोळे मिटून पोझिशन घ्या, उघडल्यावर रिंग टार्गेटच्या डावीकडे असेल तर हाताने ओढू नका, मागचा पाय जरासा सरकवा. हा सराव फुकट आहे आणि यातून जे गुण वाढतात ते महागड्या संगणकी ट्रेनरनेही सुरुवातीला वाढत नाहीत. सराव सुरू करण्याआधी छर्‍यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवा. रायफल रिकामी असली तरी नळी माणसाकडे जाता कामा नये, मग तो धाकटा भाऊ असो की चहा घेऊन आलेली आजी. काम झालं की कुलूपबंद पेटीत, छर्रे वेगळ्या कपाटात.

पहिली स्पर्धा

जिल्हा संघटनेचं सदस्यत्व आधी घ्या, मग राज्य स्पर्धा, त्यातून विभागीय आणि मावळंकर स्पर्धा, आणि तिथले पात्रतेचे गुण मिळाले की राष्ट्रीय. मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा ते तिचे पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रीय नियमांचा गट आणि आयएसएसएफ गट वेगळे असतात. फॉर्म भरताना कुठल्या गटात नाव टाकतोय ते कोचला विचारा, कारण नंतर बदलून मिळत नाही.

पिशवी आदल्या दिवशी भरा. सिलिंडर भरलेला आणि तारखेत, सेफ्टी फ्लॅग, एकाच बॅचचे छर्रे, अ‍ॅलन चाव्या, मापांची वही, ओळखपत्र, जॅकेटखाली घालायचा पातळ सुती टी-शर्ट, पाणी आणि केळं. शस्त्र तपासणीला तुमच्या वेळेच्या दीड-दोन तास आधी पोचा. काही नापास झालं तर दुरुस्त करून परत दाखवायला वेळ मिळतो. साइटिंगचे, म्हणजे गुणांत न धरले जाणारे सुरुवातीचे शॉट घाई न करता मारा, रेंजवरचा उजेड तुमच्या क्लबपेक्षा वेगळा असतो आणि त्यासाठी दोन-चार क्लिक बदलावे लागतातच. स्कोअर काहीही आला तरी त्या रात्री साठही शॉटचा प्रिंट वहीत चिकटवा आणि बाजूला लिहा की रायफलीचं काय बदलावंसं वाटलं. पुढची खरेदी, मग ती साइट ब्लॉकची असो की नव्या बुटांची, त्या पानावरून ठरवा.